सिंधूच्या हाताचा गुण

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की तुम्ही कधी आमच्या घरी जेवायला बसणार नाही. माझ्या हातचं लोणचं तुमच्या ताटात येणार नाही – म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडता येतंय.

आधी माझी खोड सांगते. मला झाकण उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही. दूध विरजलं की तासाभरात बोट घालून बघणार. कोंबडी अंड्यांवर बसली की तिला उठवून बघणार. माहेरी आई म्हणायची, ही पोरगी उकळत्या डाळीलासुद्धा धीर धरू देत नाही. लग्न होऊन बोरीजवळच्या या गावात आले, लेकरांची आई झाले, तरी ती खोड गेली नाही. खोड म्हणते आहे बरं का मी – सुरुवातीलाच स्वतःला केवढं सांभाळून घेतलं, बघा.

घर आमचं मोठं. सासू-सासरे, दोघं भाऊ, आम्ही दोघी जावा, पोरंबाळं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर दहाबारा बायका. सकाळी टोपलंभर भाकरी थापायची, मुलांना एसटी गाठून द्यायची, मग शेतावर भाकरी पोचवायची. रोज एवढ्या तोंडांना भाजी कुठून आणणार? म्हणून लोणचं. उन्हाळ्याच्या शेवटी चिनी मातीची कमरेएवढी बरणी भरायची आणि वर्षभर तिच्यावर निभवायचं.

त्या बरणीची आमच्या घरात एक रीत आहे. कैऱ्या कुणीही फोडाव्यात, मोहरी कुणीही भरडावी, पण मीठमसाला घालून कालवणारा हात एकच. ज्या बाईनं कालवलं, तिच्या नावानं ती बरणी वर्षभर ओळखली जाते. लोणचं टिकलं तर तिच्या हाताला गुण आहे. नासलं तर नाही. किती वर्षं आमच्याकडे आत्याबाईंचीच बरणी असायची – आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मग त्यांची मनगटं दुखायला लागली. मला वाटलं, आता माझी पाळी. आठ वर्षं त्यांच्याशेजारी बसून मी फोडी पुसल्या होत्या की! पण त्या म्हणाल्या, "यंदा सिंधू कालवंल."

सिंधू माझी धाकटी जाऊ. लग्नाला दोनच वर्षं झालेली, बारीक चणीची, कामाला चटपटीत. मला 'आक्का' म्हणायची, अजून म्हणते. तिनं काय सुरेख कालवलं! एक फोड कोरडी राहिली नाही. वरून करडीचं तेल ओतलं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, आणि बरणी माजघराच्या कोपऱ्यात गेली. एकवीस दिवस दादरा सोडायचा नाही, हा आत्याबाईंचा नियम.

मी पाचव्या दिवशी सोडला.

राग होता का? होता. पण मला त्याहून जास्त बघायचं होतं, हेही खरं आहे. आत नेमकं चालतं तरी काय? कोरडं मीठ घातलेलं, मग हा एवढा रस आला कुठून? फोडीचा हिरवा रंग जातो कुठे? तेल तेवढं सगळ्यांच्या वर येऊन कसं थांबतं? दुपारी घर रिकामं झालं की मी दिवसाआड दादरा सोडायची, फोडी बाजूला सारून तळ बघायची, वास घ्यायची. कधी हातानं. कधी मोरीतून उचललेल्या पळीनं. ओला हात लोणच्याला लागू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण थेंबभर पाण्यानं एवढ्या मोठ्या बरणीला काय होतंय – असं मी स्वतःला सांगत असे.

एकविसाव्या दिवशी आत्याबाईंनी सगळ्यांसमोर दादरा सोडला. वर पांढरी बुरशी, खाली फोडी लिबलिबीत झालेल्या. वर्षभराचं लोणचं उकिरड्यावर गेलं. आत्याबाई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण न्हाई." सिंधू तिथंच उभी होती. मीसुद्धा.

एवढंच असतं तर मी आज सांगायला बसले नसते. भीतीनं माणूस गप्प बसतं. चूक झाली, बोलायचं राहून गेलं – असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण मी तिथं थांबले नाही.

पुढच्या वर्षी बरणी माझ्याकडे आली. माझं लोणचं उत्तम झालं. आपलीच बरणी असल्यावर दादराही सोडावासा वाटला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. माझी खोड त्या वर्षी कुठे गेली होती?

त्याच दिवसांत एकदा दळणाला ज्वारी काढायला गेले. कणगीच्या मागे काहीतरी चमकलं. काचेची बाटली होती, वर जुन्या लुगड्याचा दादरा बांधलेला. आत लोणचं. पाचसहा कैऱ्यांचं असेल. मला कळायला वेळ लागला नाही. सिंधू माहेराहून महिन्याभरापूर्वी आली होती, येताना कैऱ्या घेऊन आली असणार. कुणाला न सांगता तिनं कालवलं होतं. आपल्या हाताला खरंच गुण नाही का, एवढंच तिला बघायचं होतं. म्हणजे झाकण उघडून बघावंसं तिलाही वाटत होतं – फक्त तिनं त्यासाठी दुसऱ्याची बरणी घेतली नव्हती.

मी बाटली काढली. दादरा सोडला. वास असा आला की तोंडाला पाणी सुटलं. एक फोड खाल्ली. खरं सांगू? माझ्या बरणीपेक्षा चांगलं होतं.

आणि मला धडकी भरली. ही बाटली तिनं आत्याबाईंपुढे ठेवली तर? हिच्या हाताला गुण आहे असं ठरलं, तर मागच्या वर्षीची बरणी नासली कशानं, असं कुणीतरी विचारणारच. मग कोण कोण दुपारी घरात असायचं, तेही निघणार. पण नुसती धडकी नव्हती ती. बायका आता शेतावर भाकरी सोडताना माझं नाव घेऊ लागल्या होत्या. ते मला फार गोड लागत होतं. ते सोडायचं?

मी स्वयंपाकघरात गेले. तांब्यातून दोन पळ्या पाणी आणलं. बाटलीत ओतलं. ढवळलं. दादरा परत बांधला – तिनं बांधला होता तशीच दुहेरी गाठ मारून. भर दुपारी, चांगल्या शुद्धीवर. पाण्यानं काय होतं ते आता मला नीट माहीत होतं. मग ज्वारी पाखडली, दळायला पाठवली, संध्याकाळी सगळ्यांना वाढलं. सिंधूच्या ताटात तूप थोडं जास्तच वाढलं मी.

तिनं बाटली कधी उघडली ते मी बघितलं नाही. पण एक दिवस परसात गेले तर पेरूच्या झाडाखाली माती नुकती उकरून बुजवलेली, आणि धुतलेली बाटली कुंपणाच्या काठीला पालथी घातलेली. सिंधू पायरीवर बसली होती. दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. मला बघून उठली, म्हणाली, "आक्का, चहा टाकू का?"

त्या दिवसापर्यंत तिच्या हाताला गुण नाही, असं दुसरे म्हणत होते. त्यानंतर ती म्हणायला लागली. दूध विरजायचं झालं की पातेलं माझ्याकडे सरकवायची. पापडाच्या पिठाला हात लावेना. लेकीला पहिला घास भरवायचा होता, तोही तिनं मला भरवायला लावला. का, असं कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते मीच – आणि मला तर माहीत होतं.

माझं नाव मात्र होत गेलं. आता जिंतूरहून पाव्हण्यांचे फोन येतात – या आणि आमचं लोणचं कालवून द्या. सिंधू अभिमानानं सांगते, "आमच्या आक्काच्या हाताला लय गुण हाय." ती हे मनापासून म्हणते. मी पुष्कळदा तिचा चेहरा निरखून बघितला आहे, कुठे शंकेची रेघ दिसते का म्हणून. बाटलीच्या दादऱ्याला तिनं मारलेल्या गाठीत आणि मी मारलेल्या गाठीत काहीच फरक नसेल का? तिला कधीच वाटलं नसेल का? वीसेक वर्षं मी शोधते आहे. काही सापडत नाही. आत्याबाई गेल्या. त्यांना सांगायची संधी होती, शेवटचे तीन महिने मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हाही मी त्यांना औषध पाजलं, पाय चेपले, आणि हे सोडून सगळं बोलले.

यंदा सिंधूची लेक वैशाली माहेरपणाला आली होती. गेल्या वर्षी लग्न झालं तिचं, सासरी वेगळं बिऱ्हाड आहे. म्हणाली, मला लोणचं शिकायचंय, मोठी आई. मला ती मोठी आई म्हणते. परातीत फोडी पसरलेल्या, मसाला घातलेला. पोरीनं बांगड्या मागे सारल्या आणि हात घातला.

सिंधूनं तिचं मनगट धरून हात बाहेर काढला.

"तू नको घालू. माझी लेक हायस तू. आक्काला कालवू दे."

वैशाली आधी हसली. आईकडे बघितलं आणि हसू थांबलं. मग तिनं बोटांचा मसाला फडक्याला पुसला, आणि दोघी मायलेकी परातीपासून थोड्या मागे सरकून बसल्या. दोघींचे हात मांडीवर. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी बाह्या वर केल्या आणि लोणचं कालवलं.