न मागितलेलं बिल

गेल्या महिन्याचा दुसरा रविवार, दुपारचे साडेबारा. स्थळ, सिंगापूरमधल्या क्लेमेंटीचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचा बाजार. रक्कम, सत्तावीस डॉलर वीस सेंट. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि मुलगी. एवढं मोबाइलच्या वहीत नोंदवून मी जेवायला मोकळा होणार होतो. तेवढ्यात समोरच्या गाळ्यावर एकाने निखाऱ्यावरचा उभा चिरलेला मासा उलटला, त्यावर लाल वाटण थापलं, वर बोराएवढं हिरवं लिंबू पिळलं, आणि त्या धुराचा एक लोट टेबलं ओलांडत थेट माझ्यापाशी आला. करपट, आंबट, डोळ्यांत पाणी आणणारा. हात चमच्यावर तसाच राहिला आणि मी एकोणीस वर्षं मागे, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, मेक्सिकोच्या एका वाळूच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो.

"पप्पा, फास्ट लाह," मुलगी इथल्या सिंगापुरी ढबीत म्हणाली. "लोक टेबलसाठी थांबलेत."

"तुझे पप्पा आत्ता इथे नाहीत," बायको म्हणाली. "तू तुझं खा."

बायकोला हा चेहरा ओळखीचा आहे. सिंगापूरमध्ये आधी पैसे मोजायचे, मग ताट घ्यायचं आणि जेवून झालं की आपलं ताट आपणच परत ठेवायचं. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे, आणि माझ्यासारख्या माणसाला ती आवडते. घास पोटात जाण्याआधी आकडा कायम झालेला असतो; पुढे कोणाला कोणाचं काही विचारावं लागत नाही. तरी कधीकधी वाटतं, खाणारा आणि वाढणारा यांनी एकमेकांकडे बघत थोडं अवघडून बसावं, याचीही एक मजा होती. त्या अवघडण्यात एका दुपारी माझी बढती जवळजवळ बुडाली, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

तेव्हा मी बोटीवर थर्ड इंजिनियर होतो. गहू भरलेली आमची बोट पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्या बंदराबाहेर नांगर टाकून धक्क्याची वाट बघत होती. जमिनीला पाय लागून एक्केचाळीस दिवस झाले होते. समोर किनारा दिसायचा, पिवळ्या वाळूची बारीक रेघ आणि तिच्यावर रंगीत ठिपके, ते म्हणजे छत्र्या. रोज संध्याकाळी आम्ही दुर्बीण पाळीपाळीने घेऊन त्या छत्र्या मोजत असू. माझ्या मोजणीप्रमाणे त्या सदतीस होत्या. फिटरमामांच्या मते चाळीस.

फिटर म्हणजे इंजिन रूममधला कारागीर, वेल्डिंगपासून लेथपर्यंत सगळं ज्याच्या हातात असतं तो. आमचे फिटर गुहागरकडचे, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपासचे. हुद्द्याने मी वर, पण कोणता पंप कोणत्या आवाजात रडतो हे मला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे मी त्यांना "अहो मामा" म्हणायचो आणि ते मला "अरे मेल्या". हीच आमची खरी श्रेणी होती.

चीफ इंजिनियर नागपूरचे. माझी नोकरीची मुदत संपत आली होती आणि पुढच्या बढतीसाठी त्यांचं शिफारसपत्र मला हवं होतं. ते पत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलाच्या खणात पडलं होतं; फक्त सही व्हायची होती. किनाऱ्यावर जायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी खण उघडून पत्र मला दाखवलं आणि खण पुन्हा बंद केला. "संध्याकाळी पाचला जनरेटर उघडायचा आहे. पाचला तू इंजिन रूममध्ये उभा पाहिजे. पाचावर एक मिनिट झाला, तर पत्र-बित्र विसर, समजलं का बे? ज्याला घड्याळ सांभाळता येत नाही त्याला मी मशीन सांभाळायला द्या म्हणून कसं लिहू?" मला हे पटलं. घड्याळाच्या बाबतीत मी कधीच कोणाचं देणं ठेवलेलं नव्हतं. बंदरातल्या एजंटची लाँच सकाळी नऊला नेणार होती आणि बरोबर चारला धक्क्यावरून परत आणणार होती. चार आणि पाच यांच्यात साठ मिनिटं. मी निश्चिंत होतो.

मामा सोबत आले. कडक इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, खिशात कंगवा. समुद्रकिनाऱ्यावर एवढा सजलेला माणूस त्या दिवशी दुसरा नव्हता. पोरंबाळं लाटांत किंचाळत होती, मी गुडघाभर पाण्यात जाऊन आलो, पण मामांनी बूटसुद्धा काढले नाहीत. "तीस वर्षं पाण्यावर राहायचे पगार घेतोय," ते म्हणाले, "आज फुकट कशाला जाऊ?" एक फेरीवाला काडीला टोचलेला आंबा विकत होता, वर तिखट-मीठ भुरभुरलेला. मामांनी तो घेतला, खाल्ला आणि काडी चाटून साफ केली. मग म्हणाले, "हे आपल्याकडचं आहे. ह्यांनी नेलं कधी?" त्यानंतर त्या देशाविषयीचं त्यांचं मत सुधारलं. मी तेवढ्यात पावलांनी किनारा मोजला आणि छत्र्याही मोजल्या. त्या चौतीस निघाल्या. हरलेलं कोणालाच मान्य नव्हतं. काहींनी छत्र्या मिटून ठेवल्या असतील असं आम्ही ठरवलं.

बाराला झावळ्यांनी शाकारलेल्या एका खाणावळीत बसलो. चालवणारी एक म्हातारी आणि वाढणारा तिचा जावई. मासा आला, तोच, उभा चिरलेला, निखाऱ्यावरचा, लालबुंद. सोबत गरम पोळ्या, मक्याच्या. शहाळी आली. एकला जेवण आटोपलं. आता बिल येईल म्हणून मी पाकीट चाचपलं.

बिल आलं नाही. आली ती मक्याच्या तळलेल्या पापड्यांची टोपली आणि टोमॅटो-मिरचीची चटणी. आता घरचं सांगायला हवं. आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना एकच शिस्त लावली, समोर आलेलं टाकायचं नाही. ताटात शीत राहिलं तर ते बोटावर उचलून आमच्या डोळ्यांसमोर धरायचे. तेव्हा मी टोपली संपवली. रिकामी टोपली दिसताच जावयाने ती भरून आणली. मी तीही संपवली. तो खूश झाला आणि तिसरी घेऊन आला. आमच्याकडे मुंबईच्या हॉटेलात शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत बडीशेपेसह बिल टेबलावर आपटलं जातं. त्यामुळे बिल आलं नाही याचा माझ्या लेखी एकच अर्थ होता, जेवण अजून संपलेलं नाही.

"मामा, बिल मागू या का?" दोनला मी विचारलं.

"खुळा की काय तू? बंदरात दोन गोष्टी दाखवायच्या नसतात, पाकीट आणि घाई. घाई दिसली की हे दुप्पट लावतात. गप बस. आणतील झक मारत."

"पण लाँच..."

"लाँच चारला आहे. आत्ता दोन वाजलेत. खा."

"आणि ह्या पापड्यांचे पैसे किती लावतील?"

"फुकट आहेत."

"कशावरून?"

"आपण मागितल्या नाहीत म्हणून."

मी पुढची पापडी उचलली. तिकडे म्हातारीचंही काही चाललं होतं. तिने ॲप्रन काढला. आत फुलाफुलांचा नवा झगा होता. आमच्याकडे बघितलं, ॲप्रन पुन्हा बांधला. अडीचला पुन्हा काढला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघून गोड हसली, पुन्हा बांधला. मामाही गोड हसले. "बघ," माझ्याकडे वळून म्हणाले, "तीसुद्धा वाट बघतेय आपण कधी घाई करतो त्याची. मी तिचा बाप आहे." सगळी खाणावळ रिकामी झाली होती. लाटांचा आवाज आणि माझ्या दातांखाली मोडणाऱ्या पापडीचा आवाज, एवढंच. पाचव्या टोपलीपाशी तीन वाजून दहा मिनिटं झाली. धक्क्यापर्यंत चालत पंचवीस मिनिटं, म्हणजे साडेतीनला निघायलाच हवं. मला पापडीच्या जागी त्या खणातलं पत्र दिसू लागलं.

साडेतीन वाजून गेले तेव्हा मी उठलो. मामांचा शब्द मोडून बिल मागायचं धैर्य मला झालं नाही. घरी आणि बोटीवर आयुष्यभर केलं तेच मी केलं: आपलं ताट उचललं, त्यावर मामांचं ठेवलं, टोपली ठेवली आणि चालत स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली विसळायला लागलो.

म्हातारीने अशी किंकाळी फोडली की जावई सुरी घेऊन धावत आला. मग माझ्या हातातलं ताट बघून दोघं हसत सुटली. म्हातारीने ॲप्रन भिरकावला, गल्ल्यावरच्या मिठाच्या वाटीखालून एक कागद ओढला आणि माझ्या ओल्या हातात दिला. बिल. कागद चुरगळून मऊ झाला होता; शाई जुनी दिसत होती. ते एक वाजल्यापासून तिथेच पडून होतं. तीनशे दहा पेसो. पापड्यांचा उल्लेखही नव्हता.

मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती, पण शहाळी दोनच लावली होती. आम्ही तीन प्यायलो होतो.

"चल रे," मामा मागून ओरडले, "पावणेचार!"

"मामा, एक शहाळं कमी लावलंय."

"मग? तिला चालतंय ना? तुला पत्र हवंय की शहाळं?"

मला दोन्ही हवं होतं. भाषा येत नव्हती, म्हणून मी मागच्या ढिगातून आमची तीन रिकामी शहाळी शोधून आणली आणि गल्ल्यावर ओळीने मांडली. एक, दोन, तीन. म्हातारीने शहाण्यासारखी मान हलवली, जावयाला काही सांगितलं, आणि त्याने कोयत्याच्या दोन घावांत चौथं शहाळं फोडून माझ्यापुढे ठेवलं.

"पी आता," मामा दात आवळून म्हणाले. "पी, आणि पाचवं दाखवू नकोस तिला!"

मी प्यायलो. टाकणार कसा? दोन शहाळ्यांचे चाळीस पेसो धरून साडेतीनशे मिठाच्या वाटीखाली ठेवले आणि आम्ही धावलो. मामा बुटांत, मी पोटात चार तासांचा मका घेऊन. धक्का दिसला तेव्हा चार वाजून चार मिनिटं झाली होती, आणि लाँच वळून आमच्याकडे पाठ करून निघाली होती. मी एका खुंट्यावर बसलो. बढती, परीक्षा, घराचं कर्ज, सगळं त्या पांढऱ्या फेसाच्या रेघेबरोबर लांब जात होतं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आलो त्या वाटेने ते परत पळत सुटले; मीही त्यांच्या मागे धावलो. त्या वयाच्या माणसाला मी तोवर पळताना बघितलं नव्हतं आणि आता एकाच दुपारी दोनदा बघत होतो.

जावयाची मासेमारीची होडी खाणावळीसमोरच वाळूवर ओढलेली होती. त्याने चार बोटं दाखवली: चारशे पेसो. आमच्या जेवणाहून जास्त. मी घासाघीस करण्यासाठी तोंड उघडलं, तोवर मामांनी पाकीट काढून चारशे त्याच्या हातावर ठेवलेही होते, आणि बूट-इस्त्रीसकट कमरेइतक्या पाण्यात उतरून होडी ढकलत होते. "घाई! घाई!" ते त्या माणसाला मराठीत ओरडून सांगत होते.

वाटेत जावयाने मोडक्या इंग्रजीत खुलासा केला. त्यांच्याकडे पाहुण्याने मागितल्याशिवाय बिल ठेवत नाहीत. ठेवणं म्हणजे ऊठ, चालता हो म्हणणं. सासूबाईंच्या नातीचा वाढदिवस होता, तीनला निघायचं होतं, पण पाहुणे बसलेत तोवर टोपली रिकामी कशी ठेवायची? म्हणून त्या टोपली भरून पाठवत राहिल्या. मी मामांकडे बघितलं. ते क्षितिजाकडे बघत होते आणि त्यांच्या बुटांतून पाणी गळत होतं.

चार पन्नासला शिडी चढलो. चार सत्तावन्नला बॉयलर सूट घालून जनरेटरसमोर उभा राहिलो. चीफ पाचला आले, घड्याळ बघितलं, मला बघितलं, नाक फुलवून वास घेतला. "मासा खाल्ला का बे?" एवढंच विचारलं. रात्री पत्रावर सही झाली.

रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीत मी दोनशे पेसो मोजून मामांच्या केबिनमध्ये गेलो. होडीचा माझा अर्धा वाटा. ते बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत बसले होते. त्यांनी नोटांना हात लावला नाही. "शहाळ्यांचा हट्ट तुझा," बुटाकडेच बघत म्हणाले, "ती तुझ्या खात्यात. जेवण निम्मं निम्मं. होडी माझी. बिल मागायचं नाही म्हणालो तो मी." मी आग्रह केला तर म्हणाले, "हिशेब नीट लिही, मेल्या. उगाच तुझ्या नावावर घेऊ नको."

त्यांच्या तोंडून चुकलो हा शब्द मी पुढच्या दोन सफरींतही कधी ऐकला नाही. त्याच पत्राच्या आधारावर मी दोन परीक्षा दिल्या, समुद्र सोडला आणि आता रोज इथल्या तुआसच्या यार्डात दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करतो. मामा निवृत्त झाले, मग गेले. मला ते पाच महिन्यांनी कळलं. माणसं गेल्यावर त्यांचे आवाज आधी जातात, मग चेहरे पुसट होतात. माझ्याजवळ त्यांची म्हणून एक नोंद शिल्लक आहे, त्यांनी सांगितली तशीच लिहिलेली. खाणावळवाल्या म्हातारीला तीनशे पन्नास पेसो; पैकी मामांकडून एकशे पंचावन्न, माझ्याकडून एकशे पंच्याण्णव. तिच्या जावयाला, होडीचे, चारशे, मामांकडून, पूर्ण.