तोंड बाहेर ठेवलेली गाडी

‘तोंड बाहेर हाय ना गाडीचं? मग झालं तर.’

फिजिक्सचे सर क्लासच्या आवारात शिरले की गाडी पुढे घ्यायचे, मागे घ्यायचे, पुन्हा पुढे. बॉनेट गेटकडे झालं की मगच उतरायचे. तब्येत विचारली तरी उत्तर तेच. ‘तोंड बाहेर हाय, मॅडम. चिंता न्हाई.’

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खुर्चीच्या कडेवर बसणारा, हातातली किल्ली वाजवत राहणारा. लातूरच्या त्या क्लासचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. इमारतीवर मजले चढत गेले, धर्माबाद, नायगाव, देवणीकडची पोरं ट्रंका घेऊन येत राहिली; सरांचा तास मात्र मी कायम तळमजल्यावर लावायची. वरचा हॉल दिला की त्यांचं लक्ष फळ्याकडे कमी आणि दाराकडे जास्त.

गाडी जुनी, पांढरी. परीक्षा जवळ आल्या आणि ती इंजिन ऑइल गाळू लागली. सर गेले की आवारात काळा डाग उरायचा. आमचा शिपाई म्हणायचा, ‘सर, आज रांगोळी मोठी काढली तुमच्या गाडीनं!’ सर डिकीतून डबा काढून ऑइल ओतायचे आणि निघायचे. रविवारचे तास नांदेडला असत. मध्येच इंजिन जाम झालं असतं तर सर रस्त्यात आणि पोरं वर्गात. माझ्या कामांच्या यादीत ‘सरांची गाडी’ रोज एकेक ओळ वर सरकत होती. शेवटी मीच त्यांना माझी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या गॅरेजात घेऊन गेले.

चाचांनी खाली वाकून पाहिलं. इंजिनाला गिअरबॉक्स जोडतात तिथून थेंब पडत होता.

‘मागचं सील गेलं, सर. गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हप्ताभर ठेवा.’

‘हप्ताभर न्हाई जमायचं.’

‘दुसरी गाडी बघू तोवर,’ मी म्हणाले. ‘तासांचं मी जुळवते.’

‘तासांचं न्हाई, मॅडम.’ किल्ली वाजायची थांबली. ‘झोपायचं कुठं?’

भूकंपात सरांचं गावाकडचं घर पडलं, त्यात आई गेली, हे मला ठाऊक होतं. नंतर त्यांनी लातुरात चांगलं पक्कं घर बांधलं, हेही. त्या घरात ते जेवायचे, पेपर तपासायचे आणि झोपायला अंगणातल्या गाडीत जायचे, हे त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं. मागच्या सीटवर, पाय दुमडून.

चाचा हात पुसत राहिले. ‘आमच्या अम्मीनं बी लई दिवस अंगण सोडलं न्हवतं,’ एवढंच म्हणाले.

मग सर एकदम फळ्यापुढे असल्यासारखे बोलू लागले. ‘चाचा, तेल खाली उतरतंय, अन् गाडी पळताना वाऱ्यानं मागं जातंय. थेंब जिथं पडतो, गळती तिथंच असंल कशावरून? सगळ्यात वरचं ओलं शोधा.’

‘सगळंच ओलं हाय. काय शोधू?’

‘मग धुवा!’

चाचांनी डिझेल मारून इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं. सरांनी समोरच्या दुकानातून अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणला आणि सगळ्या इंजिनावर भुरभुरला.

‘नवरदेव दिसून राहिला की!’ चाचा म्हणाले. गाडी एक मोठी चक्कर मारून आणली. ‘आता सकाळपर्यंत हात लावू नका. झिरपू द्या.’

सरांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. ‘थांबतो मग मी.’

चाचांनी त्यांना उठवलं नाही. सर आत बसलेले असतानाच गाडी ढकलून, वळवून, तिचं तोंड रस्त्याकडे केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी पहिली बॅच येऊन बसली, सरांचा पत्ता नाही. मी गॅरेजात पोहोचले तर बॉनेट उघडं आणि बॅटरीच्या उजेडात दोघांची डोकी आत. पांढऱ्या पावडरीत एक तपकिरी रेघ उमटली होती. गिअरबॉक्सच्या जोडापासून वर वर चढत ती इंजिनावरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात संपत होती. त्याच्या वर सगळं कोरडं.

‘झाकणाचं पॅकिंग!’ सर ओरडले. ‘चाचा, सील न्हाई!’

‘न्हाई सर. खालचं सगळं वरनंच आलेलं. घंटाभराचं काम.’

सर हसले. गालाला पावडर, कोपराला ऑइल. तसेच वर्गात गेले. पोरं खूप हसली.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. गाडीत नाही, दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. खाट दाराजवळ सरकवून घेतली होती म्हणे.

गाडी आता चाचांकडे आहे. कुणी चालवत नाही. परवा माझी स्कूटर दाखवायला गेले तेव्हा ती शेडबाहेर उभी होती, तोंड रस्त्याकडे. सवयीनं मी वाकून खाली पाहिलं.

जमीन कोरडी होती.