कोळसा

रहिमतपूरच्या वाटेवरच्या एका एसटी थांब्यावर ती रोज दिसायची. महिला राखीव जागेवर नुकतीच सरपंच झालेली. एका सकाळी थांब्याच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं तिच्याबद्दल घाण लिहून ठेवलं होतं. गावातले पुरुष ते वाचून खाली बघत उभे होते. तिनं पदर ओला करून फक्त शेवटची ओळ घासली.

"सगळंच पुसा की," मी म्हणाले.

"माझं ऱ्हाऊ द्या. ही वळ माझ्या पोरीवर हाय. ती आत्ता साळंला जायला हितंच यील."

मग उरलेल्या ओळींना पाठ टेकवून ती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

एसटीत चढल्यावर मी तिला हळूच सांगितलं, पाठीला कोळसा लागलाय.

"असू द्या," ती मोठ्यानं म्हणाली. "लिवणाराबी ह्याच गाडीत हाय."