डावीकडचा आरसा

त्याला मी इथं 'तो' म्हणणार आहे. चाळीस वर्षं 'मालक' म्हटलं, चारचौघांत 'अहो' म्हटलं, नाव तर कधी ओठांवर आणलं नाही. आता तो नाही, आणि मला कुणाची भीडही उरलेली नाही. शिवाय ज्या दोन वर्षांबद्दल लिहायला बसले आहे, त्या दोन वर्षांत मनातल्या मनात मी त्याला 'तो' असंच म्हणत होते. त्याहून वाईटही म्हणत होते, पण ते कागदावर उतरवण्यासारखं नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आम्ही निपाणीला राहत होतो. तो तंबाखूच्या एका वखारीत देखरेखीच्या कामाला होता. गावोगाव फिरून उभं पीक बघून यायचं, म्हणून वखारीच्या मालकांनी त्याला लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल घेऊन दिली. गाडी लढाईत पार झिजलेली होती. सुरू केली की गल्लीतल्या कोंबड्या पळायच्या आणि शेजारणीच्या मांडणीवरची भांडी वाजायची. तो मात्र तिच्यावर असा ताठ बसायचा, जशी काही लढाई यानंच जिंकली होती.

जन्मानं तो विणकर. शहापुरातल्या घरी दोन माग होते, लहानपणापासून त्यानं धोटा फेकलेला होता. पण निपाणीत कुणी विचारलं तर "आमचा कापडाचा धंदा" एवढंच सांगायचा. मी वडगावच्या विणकराची मुलगी, म्हणजे त्याची सगळी लपवाछपवी जाणणारी. तेच त्याला खुपत असावं.

आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, व्याह्यांना मानाचा पटका दिला तो आपल्या हातानं विणलेला. महिनाभर आप्पा त्या पटक्याला बसले होते. पटका बघून हा भर मांडवात म्हणाला की आमच्याच धंद्याची चिंधी आमच्याच डोक्यावर बांधता काय, बाजारातून आणायला काय झालं होतं. आप्पांनी मान खाली घातली. बोलली ती माझी आई, आणि चांगलंच बोलली. त्या दिवसापासून माझं माहेर बंद. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही जळला नव्हता.

दर अमावस्येला आम्ही निपाणीहून शहापूरला जायचो. अमावस्येला माग बंद असतात, सगळे घरी भेटतात. शहापूरहून वडगाव चालत अर्ध्या तासावर. सासरच्या ओसरीवर बसून मी भाकऱ्या मोजत असायचे आणि माझी आई अर्ध्या तासावर. एकदाही त्यानं मला जाऊ दिलं नाही.

मग आईच यायला लागली. बेळगावातून शहापुरात शिरताना रेल्वेचं फाटक लागतं. तिथं रस्ता खराब, रूळ उंच, गाडी अगदी माणसाच्या चालीनं न्यावी लागायची. फाटकाच्या अलीकडं डाव्या हाताला एक चिंच होती. अमावस्येला सकाळपासून आई त्या चिंचेखाली उभी असायची. उन्हात, पावसात, डोक्यावर पदर घेऊन. मी मागच्या कॅरिअरवर घोंगडीच्या घडीवर दोन्ही पाय डावीकडं सोडून बसलेली, म्हणजे माझं तोंड बरोबर तिच्याकडं. तो तिला बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा. मला ताकीद होती: मान वळवायची नाही, हात करायचा नाही, हाक मारायची नाही.

पण आम्ही मागावरची माणसं. माग चालू असताना घरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्यात आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची सवय असते. आई रहाटावर धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरताना खोलीच्या त्या टोकाकडून मला ओरडा द्यायची, तोही नुसत्या ओठांनी, आणि मला तो शब्दन् शब्द कळायचा. चिंचेपाशी आम्ही तेच करायला लागलो. गाडी पुढं सरकेपर्यंत एक वाक्य तिचं, एक माझं. आप्पाचा खोकला कमी हाय. बरी हाय मी. म्हशीला रेडकू झालं. महिन्यातून एक वाक्य, त्यावर मी पुढची अमावस्या गाठायची.

आता आरशाचं सांगते. गाडीला त्यानं दोन आरसे बसवून घेतले होते. उजवा रस्त्यासाठी, आणि डावा माझ्यासाठी. माझ्यासाठी म्हणजे मी बघायला नव्हे, माझ्यावर नजर ठेवायला. रस्त्यात कुठं बघत्यास, कुणाकडं बघत्यास, मला दिसाय पायजे, असं त्यानं सरळ सांगितलं होतं. चोराच्या मनात चांदणं. मी बघणार होते तरी कुणाकडं? वाटेवरच्या यमकनमर्डीच्या दगडांकडं?

पण त्या गाडीच्या अंगात एवढं कापरं होतं, की आरशात काहीही धड दिसत नसे. मागून येणारी लॉरी म्हणजे एक काळा डाग, आणि माझं तोंड म्हणजे थरथरणारी पिठाची परात. त्यात गाडी हळू चालली की आरसा जास्तच हलायचा, आणि फाटकापाशी तर सगळ्यात जास्त. तिथं माझे ओठ हलताहेत की सगळी मीच हलते आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्या भंगार गाडीनं माझ्यावर केलेला हा एकच उपकार.

त्याला हे सहन होईना. सकाळी अंघोळीआधी तो आरशाशी झटत बसायचा. आधी त्यानं पान्यानं आरशाचा दांडा आवळला. आरसा हललाच, म्हणून आणखी आवळला. पुढं एवढा आवळला की तिसऱ्या दिवशी काच तडकली आणि माझ्या तोंडाचे दोन तुकडे दिसायला लागले. मग न्हाव्याकडून नवी काच आणून बसवली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दांड्याखाली घातला. त्यानं दोन दिवस बरं वाटलं, पण रबर तापून घसरलं, आणि आरसा आभाळाकडं तोंड करून बसला. मी चुलीपाशी बसून हे सगळं बघत होते आणि मला मनापासून आनंद होत होता.

शेवटी त्यानं मला बोलावलं. दांड्यावर सूत गुंडाळून दे म्हणाला, घट्ट, खळ लावून, मागाच्या दोरीला गुंडाळतात तसं. दोन वर्षांत मागाचं नाव त्यानं पहिल्यांदा काढलं. मी पाट घेतला, छान बसले आणि सूत गुंडाळून दिलं. विळखे एकापाशी एक, डोळ्याला देखणे. फक्त शेवटचं टोक आत ओवून ओढून घ्यायचं असतं, ते मी वरच्यावर चिकटवून ठेवलं. विणकराच्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरालाही ते दिसलं असतं. त्याला दिसलं नाही, कारण सूत बघायचीच त्यानं लाज धरली होती. तवंदीचा घाट चढेपर्यंत सगळं सूत सुटून वाऱ्यावर फडफडायला लागलं. तो म्हणाला, विणकराची पोर म्हणे. मी पदराआड हसून घेतलं.

त्यानंतरच्या अमावस्येला चिंचेपाशी आई जे बोलली, ते जरा मोठं होतं. धाकटीचं लग्न ठरलं. दिवाळी झाली की. येणार न्हवं? गाडी तोवर रुळांवर चढली होती, मला उत्तर देता आलं नाही. त्या महिनाभरात मी त्याला तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, त्या घरात माझी बायको जाणार न्हाय. तिसऱ्यांदा त्यानं ताट सरकवलं आणि उठून गेला. पाठची एकच बहीण, मी तिला कडेवर घेऊन वाढवलेली, आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकायलाही मी नसणार. पुढच्या अमावस्येला आईला काय सांगायचं, ते मी वाटेत घोकत होते. येत न्हाय, वाट बघू नको. एवढंच बसत होतं त्या वेळात.

पण त्या दिवशी संकेश्वरला त्यानं गाडी एका मिस्त्रीपुढं उभी केली. मिस्त्री लष्करातून परत आलेला, वय झालेला. त्यानं आरसा हातानं हलवून पाहिला, आणि आवळून आवळून दांड्याची वाट लावल्याबद्दल याला चार शब्द सुनावले. हलणाऱ्या वस्तूला आवळायचं नसतं, म्हणाला, तिला जड करायचं, आणि खाली मऊ बसकण द्यायची. त्यानं काचेमागं शिशाची चकती बसवली, दांड्याखाली जाड रबराची वाटी घातली आणि नट हातानंच फिरवला. सगळं मिळून तासाभराचं काम. याला जन्मात कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, पण आरशाबाबतीत त्यानं मुकाट ऐकलं.

गाडी सुरू झाली आणि मी आधी आरशाकडं बघितलं. आरसा स्थिर होता. माझ्या कपाळावरचं कुंकू, नाकातली चमकी, डोळ्यांत गेलेली धूळ, सगळं त्यात लख्ख दिसत होतं. आणि मला त्याचे डोळे दिसत होते. संकेश्वरपासून बेळगावपर्यंत त्यानं रस्त्याकडं जेवढं बघितलं, तेवढंच त्या आरशात बघितलं. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं, ते मी अजून विसरलेली नाही. मी ओठ मिटून बसले. आता आईशी बोलले तर तो ते बघणार, आणि बघून वाचणारही, कारण ती भाषा त्यालाही येत होती. कितीही लपवलं तरी मागाच्या खोलीतच वाढलेला तो.

बेळगाव ओलांडलं. चिंच दिसायला लागली. आई नेहमीच्या जागी उभी होती. तिनं हातात काहीतरी धरलं होतं. जवळ आल्यावर कळलं, तो धाकटीच्या लग्नातल्या साडीचा नमुना होता, आप्पांच्या मागावरचा, तीन बोटं काठाचा. मला दाखवायला आणलेला. ती ओठांनी विचारत होती, येणार न्हवं? मी तोंड उघडलं नाही. आईनं पुन्हा विचारलं. मी आरशात बघितलं. तो माझ्या ओठांकडं बघत होता.

मग मला एवढा राग आला की भीती कुठल्या कुठं गेली. मी आईकडं बघायचं सोडलं आणि आरशात बघूनच, आवाज न काढता, मागाच्या खोलीत बोलतात तसं सावकाश बोलले.

"गाडी थांबवा. न्हाय तर मी उतरणार."

त्याला कळलं. कपाळाला आठी पडली ती मला दिसली. त्यानंही आवाज काढला नाही. इतक्या वर्षांत तसे न वापरलेले ओठ त्यानं आरशात माझ्यासाठी हलवले.

"उतर की."

गाडी रुळांपाशी आली होती, माणसाच्या चालीनं जात होती. मी पदर खोचला, एका हातानं कॅरिअर धरलं आणि उतरले. उतरले म्हणजे पडलेच. गुडघा फुटला, बांगड्या फुटल्या, लुगडं चिखलात गेलं. फाटकवाला ओरडत धावला. आईनं मला बखोट्याला धरून उठवलं. गाडी रूळ ओलांडून पलीकडं थोडी थांबली. त्यानं मागं वळून बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. आरसा चांगला झाला होता. मग त्यानं गाडी पुढं घातली.

वडगावला गेल्यावर आप्पा धाकटीला एवढंच म्हणाले की आक्काच्या गुडघ्याला हळद लाव. शेजारणी दाराशी येऊन बघून गेल्या. नवऱ्यानं टाकली असं एकीनं म्हटलंसुद्धा. मी तिला सांगितलं की त्यानं टाकली नाही, मी उतरले. तिला तो फरक पटला नाही.

आठव्या दिवशी तो आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आला. आमच्या दाराला मान वाकवून आत यावं लागतं, तसा तो आला आणि उंबऱ्याच्या आत उभा राहिला. आप्पा मागावर होते. त्यांनी बघितलं आणि धोटा फेकत राहिले. आई रहाटावर होती. तिनंही बघितलं आणि कांडी भरत राहिली. आलेल्या माणसासाठी भिंतीशी घोंगडं गुंडाळून ठेवलेलं असतं, ते कुणी अंथरलं नाही. मागाचा खडखडाट चालूच होता.

त्यानं माझ्याकडं बघून ओठ हलवले. चल. मी तसंच उत्तर दिलं. लग्न झाल्यावर येईन. त्यानं एकदा गुंडाळलेल्या घोंगड्याकडं बघितलं. तो परतही जाईना, कारण गल्ली दारात जमली होती आणि जावई पाणी न पिता गेला हे त्यालाही परवडणारं नव्हतं.

मी पुढं त्याच्याकडं गेले, संसार केला, मुलं झाली. आमचं कधीच जमलं नाही, पण त्यानंतरच्या प्रत्येक अमावस्येला गाडी आधी वडगावला थांबायची. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ तसाच उभा होता, या पायावरून त्या पायावर होत. आप्पांचं हातभर कापड विणून झालं, आईच्या पाटीतल्या कांड्या भरून झाल्या. दोन वर्षं चिंचेखाली माझ्या आईला कुणी बस म्हटलं नव्हतं. मीही त्याला म्हटलं नाही.