आधीच कोणीतरी

शनिवारी दुपारी ऑफिसच्या अख्ख्या मजल्यावर मी एकटीच होते. सर्व्हरवर एक प्रोग्राम अडकला होता. तो आत नेमकं काय करतोय, हे दाखवणारं एक टूल असतं. ते जोडायला गेले, तर नकार. एका प्रोग्रामवर एका वेळी एकालाच अशी नजर ठेवता येते आणि तिथे आधीच कोणीतरी होतं.

चिडायला हवं होतं, पण बरंच वाटलं. सुट्टीच्या दिवशी माझ्यासारखंच कोणीतरी याच्याकडे बघत बसलंय! ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं, "सर्व्हरवर कोण आहे?"

"आज कोणीच नाही, मॅडम. तुम्हीच असाल."

टूल कोणाच्या नावाने चालू आहे ते शोधलं. माझंच होतं. काल संध्याकाळी मीच टूल चालू ठेवून घरी गेले होते. ते बंद केल्याशिवाय काम होणार नव्हतं. तरी थोडा वेळ तसंच राहू दिलं.