बप्पांनी बाजार सोडला त्याची गोष्ट

एखादा माणूस संस्था सोडून गेला की मागं त्याचा फोटो राहतो. आमच्या बप्पांच्या मागं किस्से राहिले, आणि तेही असे की सांगताना डोकं परत नव्यानं दुखतं! आम्ही तिघं-चौघं चहाला टेकलो की कुणीतरी सुरू करतंच, "बप्पा गेले तवा काय झालतं..." झालं, चहा गार!

बप्पा म्हणजे माणिकराव, एसटीतले रिटायर कंडक्टर. सकाळच्या गाडीत भाजीच्या पाट्या घेऊन अंबाजोगाईला निघालेल्या बायका त्यांनी नोकरीभर पाहिल्या. दुपारच्या गाडीत त्याच बायका, व्यापाऱ्यानं पडेल भावात माल घेतला म्हणून तोंड पाडून परतताना पाहिल्या. रिटायर झाल्या झाल्या त्यांनी अंबाजोगाईतल्याच एका शाळेचं मैदान मागून घेतलं आणि रविवारचा शेतकरी बाजार सुरू केला. मधे कुणी नाही; पिकवणाऱ्यानं स्वतः बसून विकायचं. मी घाटनांदूरची, वांगी-मेथी करणारी. पहिल्या रविवारी बसलेल्या सात जणांत मी होते. म्हणून बप्पांचा माझ्यावर जीव, आणि म्हणूनच सगळा ताप मलाच!

*

उन्हाळ्यात बाजाराच्या कमिटीच्या एका मीटिंगला बप्पांनी राजीनामा आणला. अर्ज कुणाला? "मा. अध्यक्ष यांस." अध्यक्ष कोण? बप्पाच! त्यांनी चष्मा लावला, स्वतःचा अर्ज मन लावून वाचला, खाली "नामंजूर" लिहून सही ठोकली आणि म्हणाले, "पुढचा विषय."

दोन आठवड्यांनी दुसरा अर्ज. या वेळी "मंजूर"!

गफूरभाई म्हणजे आमचे मिरचीवाले, कमिटीतला सगळ्यात शांत माणूस. तेसुद्धा तडकले. "बप्पा, पैला कावून नामंजूर केला मग?"

"त्यात तब्येतीचं कारण लिवलतं. माझी तब्येत ठणठणीत हाय. खोटं कारण मी कसं मंजूर करू?"

"आन् ह्यात?"

"ह्यात कारणच लिवलं न्हाई."

त्याच कागदाच्या मागं त्यांनी नवीन अध्यक्ष म्हणून माझं नाव लिहून ठेवलेलं. मला विचारलं? न्हाई!

*

निरोप समारंभ आम्ही करणार होतो. केला त्यांनीच! मांडव कुठं, खुर्च्या किती, कोण किती मिनिटं बोलणार, सगळं बप्पांनी ठरवलं. खिशात कंडक्टरकीची शिट्टी. दोन मिनिटं झाली की फुर्रर्र!

पाहुणे म्हणून गावातले एक पुढारी आले होते. त्यांचं अजून "व्यासपीठावरील मान्यवर" संपलं नव्हतं, तोच शिट्टी. पुढारी हसून परत बोलायला लागले. परत शिट्टी. ते रागानं शाल तशीच हातात घेऊन खाली उतरले!

मग मी उठले. पहिल्या रविवारची आठवण सांगताना मला रडूच कोसळलं. लोक डोळे पुसत होते. फुर्रर्र!

"सुनंदा, रडायचा टाइम बोलण्यातच धरलाय!"

*

ते गेल्यानंतरचा पहिला रविवार. पारूबाई आणि कांताबाई दोघीही लिंबाखालच्या एकाच जागेवर पाट्या ठेवून उभ्या. कुणाची जागा? यादी कुठंय? यादी बप्पांच्या डोक्यात! त्यांनी कधी कागदावर उतरवलीच नव्हती. शेवटी पारूबाईंची कोथिंबीर आणि कांताबाईंचे टमाटे एकमेकींच्या अंगावर. मी घाबरून फोन लावला.

"बप्पा, लिंबाखालची जागा कुणाची?"

"मी गेलो ना आता! तुमी बघा," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मला वाटलं, माणूस खरंच सुटला. कुठलं काय! पुढच्या रविवारी सकाळीच फोन. "मी मधे बोलणार न्हाई, फकस्त इचारतो. उत्तरेकडची ताडपत्री ढिली कावून हाय?" बप्पा राहायला युसूफ वडगावच्या पुढं त्यांच्या शेतात. तिथून ताडपत्री दिसते कशी? पुढचा फोन, "गफूरभाई आज उशिरा आले म्हणं." त्याच्या पुढचा, "सुनंदा, आज तू कुणावर तरी ओरडलीस."

आमच्या चहावाल्याला त्यांनी बातमीदार नेमलं होतं! त्याला धरलं तर तो म्हणतो कसा, "ताई, मी सोडतो काम. पन बप्पा राजीनामा मंजूर करनात!"

*

पावसाळ्यात बाजार बसला. विक्रेते निम्मे, गिऱ्हाईक त्याहून कमी. त्यात एक व्यापारी येऊन म्हणाला, "ताई, कशाला चिखलात बसता? सगळा माल मीच घेतो, मैदान मला द्या." दोघी-तिघी लगेच तयार! त्या दिवशी मी एसटी धरली आणि थेट बप्पांच्या शेतात गेले. काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. तुम्ही उभं केलं, तुम्हीच उघड्यावर टाकलं, मला तोंडघशी पाडलं, जायचंच होतं तर नीट सांगून जायचं! रडले, ओरडले. ते सुतळीचा गुंता सोडवत ऐकत होते. माझं संपलं तसं म्हणाले, "झालं? मग ही सुतळी धर जरा."

वेलांचा मांडव बांधायचा होता. मी दुपारभर सुतळी धरली! संध्याकाळी त्यांनी मला गाडीत बसवलं, कंडक्टरला म्हणाले, "अध्यक्ष हायत, जागा दे," आणि पाठ फिरवून गेले.

मला इतका संताप आला, इतका! त्याच संतापात दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं आणि घरोघर फिरून बायका परत आणल्या. तेव्हापासून बप्पांचा फोन येणं बंद. चहावाल्यालाही येईना.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. टेबलावर गफूरभाई नवीन विक्रेत्यांचे फॉर्म भरून घेत होते. ते एकदम उभे राहिले म्हणून मी वळले. रांगेत चौथे बप्पा! खांद्यावर दोडक्यांचं पोतं.

"बप्पा, तुमी रांगेत कावून?" गफूरभाई म्हणाले.

"बसा. नंबर आला की द्या फॉर्म."

नंबर आला. त्यांनी चष्मा लावून फॉर्म भरला. नाव, गाव, माल. खाली रकाना होता, 'बाजाराचा पूर्वीचा अनुभव'. बप्पांनी लिहिलं, "नाही." आणि कागद माझ्यापुढं धरला.

मी कागद घेतला. नवीन माणसाला देतो तीच जागा दिली, गेटाजवळची, धुळीतली. त्यांनी पोतं नेलं, कापड अंथरलं, दोडके ओळीत लावले, मांडी घालून बसले. एक बाई आल्या, दोडका हातात घेऊन म्हणाल्या, "कसे दिले ओ?"

बप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, दोडक्यांकडं पाहिलं. मग शेजारी बसलेल्या पारूबाईंकडं वाकून हळूच म्हणाले, "बाई, काय सांगू?"