बसवनगुडीतला अळणी शनिवार

धाकटी बहीण मधुरा सहा महिने फोनवर "ये गं, ये गं" करत होती. शेवटी तिकीट काढलं आणि शनिवारी भल्या सकाळी यशवंतपूरला उतरले. बॅग लहान ठेवा. इथून मेट्रो थेट नॅशनल कॉलेज स्टेशनला नेते आणि तिथून बसवनगुडी पायी गाठता येते.

मधुरा महादेवपुऱ्यात आयटीत आहे. फलाटावर ती दोन लिटरची बाटली घेऊनच उभी होती. तिच्या टीममध्ये पाणी पिण्याची शर्यत चालली होती आणि त्यात बाईसाहेब पहिल्या!

"आज मला मीठ चालत नाही हं," ती म्हणाली. पुण्याला बदली मिळावी म्हणून तिने अकरा अळणी शनिवार बोलले होते. हा सातवा.

"मग खाणार काय?"

"पपई. आणि पाणी. पोट मस्त भरतं."

दोश्यासाठी आठच्या आत पोचा, नाहीतर रांग. मी लोण्याचा दोसा तिच्या डोळ्यांदेखत खाल्ला, वर दोनदा कॉफी. धाकटीसमोर असं खाण्याचं सुख मोठ्या बहिणींनाच कळेल. मग फुलबाजार, मोठा नंदी, शेजारच्या बागेतला खडक. तोवर तिने बाटली तीनदा भरून घेतली होती.

अकराच्या सुमारास ती डोकं धरून बसली. मग उलटी झाली. "ऊन लागलं," मी निदान केलं आणि आमच्या घरातला एकमेव उपाय सुरू केला: पाणी. आधी लाडीगोडीने, मग दटावून. रिक्षात बसलो तरी बाटली तिच्या ओठांना लावलेलीच.

"साकु अक्का, साकु!" रिक्षावाला आरशातून ओरडला. पुरे म्हणत होता. त्याला सीटची काळजी.

मधुराने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "ताई कधी येणारे?"

तिची ताई मीच. तिला टेकून बसलेली. मी रिक्षावाल्याचा खांदा हलवला.

"अण्णा, घर नको, हॉस्पिटल!"

रक्त तपासलं, तर अंगातलं मीठ फार उतरलेलं. सकाळपासून किती पाणी प्यायली, डॉक्टरबाईंनी हिंदीत विचारलं. मी सांगत गेले तशा त्यांच्या भुवया चढत गेल्या. "उलटीनंतरही?"

"मीच पाजलं," मी म्हटलं.

त्यांनी पाणी बंद करून शिरेतून मीठ सुरू केलं. मी तिचा पाय धरून बसले. संध्याकाळी तिने डोळे उघडले.

"ताई, शिरेतून गेलेलं मीठ धरतात का गं नवसात?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "विचारते देवाला. तू पड."

उन्हात फिराल तेव्हा तहानेपुरतंच प्या, जोडीला काही खारं खा. भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखू लागलं, मळमळलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर बाटली बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा.

लालबाग बघायचं राहिलंच. मधुरा पायांवर उभी राहिल्यावर पुण्याला परतले. दुसऱ्या दिवशी नवरा सायकल चालवून घामाघूम होऊन आला. "पाणी दे गं."

मी त्याच्याजवळ बसले. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, सकाळी काय खाल्लंस, सगळं विचारलं.

"अगं, तहान लागलीय!"

मग दिलं. आणि त्याचं पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिले.